दुसरी वाट

रश्तमध्ये, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान. अडीच हात काउंटर, एक भिंग,
फुटलेल्या काचांनी भरलेला बिस्किटांचा डबा.
लोक येतात आणि आवाज खाली आणतात,
औषधाच्या दुकानात काही नाजूक मागावं तसा:
"फिल्टरशेकन आहे का? चालणारं?"
म्हणजे गाळणी फोडणारं. आम्ही त्याला असंच म्हणतो,
अडकित्ता म्हणावं इतक्या सहज.

मंगळवारी महलगा खानम आल्या.
शाळेत भूगोल त्यांचाच. कॅस्पियन समुद्र की सरोवर,
या एका प्रश्नाचे माझे दोन गुण
अजून त्यांच्याकडे अडकलेत.
यजमानांच्या हाताला कंप सुटलाय.
ब्रेमेनच्या कुणा डॉक्टरबाईंनी त्यावर काही लिहिलंय,
आणि इथे पडद्यावर नुसतं पांढरं पान:
तुमच्या देशातून प्रवेश नाही.
काही दारं आपल्यांनी लावलेली, काही पलीकडच्यांनी;
कडी कुठल्या बाजूची, ते लाकडाला काय कळणार.

मी सांगितलं. सगळं नाही, थोडं.
फुकटचा बोगदा कुणाच्या तरी घरातून जातो, बाई.
आपण अंधारात चालतो, तो दिवा लावून
आपले खिसे मोजतो.
गुदर्ज टॅक्सीवाल्यानं उतरवलं होतं एक,
चित्रात छान हिरवं कुलूप होतं.
चौथ्या दिवशी बँकेचं खातं
घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं.
तक्रार कुठे करणार?
साहेब, जिथून जायला मनाई आहे तिथून जाताना मला लुटलं?
कुंपणानं शेत खाल्लेलं ऐकलं होतं,
इथे कुंपण तोडायला आणलेली कुऱ्हाडच
दाणे टिपत होती.

भावाचं नाही सांगितलं.
त्याला दोनदा बोलावलं. चहा दिला, म्हणाला.
चहाबद्दल एवढंच.
तेव्हापासून तो रात्री फोन फ्रीजमध्ये ठेवतो,
दह्याच्या शेजारी.

आणि हेही नाही सांगितलं
की खालच्या खणात, वायरींच्या गुंत्याखाली
माझ्याकडेही आहे विकायला.
भाड्याचा तिसरा हिस्सा त्या खणातून निघतो.

"मग दुसरी वाट?" त्यांनी विचारलं,
नकाशावर काठी टेकवून विचारायच्या तशाच.
मी भिंग पुसलं. पुन्हा पुसलं.
म्हटलं, वैद्यकीय कॉलेजच्या वाचनालयात
ओळखपत्र दाखवून बसता येतं, त्यांची वर्गणी भरलेली असते.
नाही मिळालं तर सरळ त्या बाईंनाच लिहा.
लेख लिहिणाऱ्याला, आपलं कुणी वाचतंय
याचंच अप्रूप असतं.

वाचनालयात तो अंक नव्हता.
मग माझ्याच काउंटरवर बसून त्यांनी मेल लिहिली,
एका बोटानं, दीड तास.
नवऱ्याचं वय, कोणता हात, कधीपासून.
आणि पत्त्याच्या जागी:
सदतीस उत्तर, एकोणपन्नास पूर्व.

एकोणीस दिवस काही नाही.
मी विचारायचं टाळत होतो, त्या येण्याचं टाळत होत्या.
विसाव्या दिवशी अकरा पानं आली,
वर दोन ओळी: नकाशात तुमचं गाव शोधलं.
शेजारी आहे तो समुद्र की सरोवर?

पानांत औषध नव्हतं. बोटांचे व्यायाम होते.
आता यजमान रोज सकाळी
दोन अक्रोड मुठीत फिरवत बसतात;
एक निसटतो, कपाटाखाली जातो,
बाई तो काठीनं बाहेर काढतात.

काल संध्याकाळी सेपंता आला, सतरा वर्षांचा.
आवाज खाली.
विचारलं, काय बघायचंय?
म्हणाला, बहीण. तोरांतोला आहे,
तिचा चेहरा हलताना बघायचाय, बस.
याला कुठलं वाचनालय सांगू?
कुणाला मेल लिहायला बसवू?

खण अर्धा उघडला.
आधी गुदर्जची गोष्ट सांगितली, पूर्ण.
मग, पहिल्यांदाच कुणाला, भावाची.
किंमत त्यानंतर.